आव, मूळव्याध की आतड्याची जखम? हळद-इसबगोल कुठवर पुरतं?

तायांनो, हा लेख आपल्याच एका गटातल्या ताईमुळे लिहिला आहे. तिची परवानगी घेतली आहे, नाव मात्र देत नाही.

गेल्या उन्हाळ्यात कांदा काढणीचं उक्तं घेतलेल्या टोळीत ती होती. अर्ध्या अर्ध्या तासाला वाफा सोडून बांधापलीकडे जायची. बाकीच्या बायांना वाटलं, कामचुकारपणा करते. एकीने तोंडावर बोलूनही दाखवलं. ती काही बोलली नाही. घरी सासूने विचारलं तर म्हणाली, "पोटमा दुखस." एवढंच. शौचाला रक्त पडतं, दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागतं, रात्रीही उठावं लागतं, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

खरं तर तिला आपला आजार माहीत होता. दोन वर्षांपूर्वी नाशिकला दुर्बिणीतून तपासणी झाली होती आणि डॉक्टरांनी 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' असं नाव सांगितलं होतं. गोळ्या सुरू झाल्या, तीन महिन्यांत रक्त थांबलं, वजन वाढलं. मग तिला वाटलं, बरी झाले. गोळ्या महाग, नाशिकचा हेलपाटा महाग. तिने गोळ्या बंद केल्या. काही महिन्यांनी त्रास पुन्हा सुरू झाला, तेव्हा बाजारात जडीबुटीवाल्याने "मुळापासून घालवतो" म्हणून चूर्ण दिलं. त्यासाठी तिने गटातून चार हजारांचं कर्ज उचललं. रजिस्टरमध्ये कारण लिहिलं, 'घरखर्च'. ते रजिस्टर मीच लिहिते, म्हणून मला माहीत. दीड महिन्यात ती चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहाच्या खाली.

आता ती बरी आहे. मागच्या बैठकीत तिने उभं राहून सगळ्यांसमोर विचारलं, "हळद घेऊ, इसबगोल घेऊ, की गोळीच घेऊ? ज्याला त्याला विचारलं की जो तो वेगळंच सांगतो." प्रश्न तिचा एकटीचा नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून, वाचून, समजून घेऊन हे लिहिलं आहे.

हा आजार आहे तरी काय?

आपलं मोठं आतडं साधारण पाच फूट लांब असतं. आतून त्याला मऊ अस्तर असतं. या आजारात त्या अस्तराला सूज येते, बारीक बारीक व्रण पडतात आणि त्यातून रक्त व चिकट आव येते. सुरुवात गुदद्वाराजवळून होते आणि सूज तिथून वर वर सरकू शकते.

व्रण का पडतात? आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक यंत्रणा असते. राखणीला ठेवलेलं कुत्रं घरच्यांनाच चावायला लागावं, तसं ही यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते. ती नेमकी का उलटते, याचं एकच एक कारण नाही. थोडं घराण्यातून येतं, थोडं आतड्यातल्या जंतूंचं गणित बिघडण्याशी जोडलेलं असतं. पण दोन गोष्टी पक्क्या आहेत. हा आजार एकमेकींच्या ताटात जेवल्याने लागत नाही. आणि तिखट खाल्लं, नजर लागली, कुणाचं काही चुकलं, यामुळे तो होत नाही.

या आजाराची एक खोड आहे. तो कधी भडकतो, कधी शांत होतो. शांत असतो तेव्हा बाई अगदी धडधाकट असते. याच खोडीमुळे माणूस फसतं. आजार आपोआप शांत होण्याच्या सुमारास जे चूर्ण घेतलं असेल, त्यालाच श्रेय मिळतं. आणि शांत झाला की वाटतं, आता गोळी कशाला?

डाळिंबावर तेल्याचे डाग दिसेपर्यंत आपण फवारणीला थांबतो का? नाही. बाग स्वच्छ दिसत असतानाच काळजी घेतो. इथेही तसंच आहे. शांत काळातली गोळी पुन्हा भडका होऊ नये म्हणून असते.

रक्त दिसलं म्हणजे मूळव्याधच, असं नाही

आपल्याकडे शौचातून रक्त गेलं की तीनच नावं ऐकू येतात: मूळव्याध, उष्णता, आव. पण रक्त पडायला कारणं बरीच असतात. अमिबाची किंवा जंतूंची आव, मूळव्याध, भेग, आतड्याचा टीबी, हा कोलायटिस आणि क्वचित कर्करोगसुद्धा. बाहेरून बघून यातलं कुठलं, हे कुणालाच सांगता येत नाही. ना आजीला, ना वैदूला, ना मोठ्या डॉक्टरांना. तपासणीच लागते.

आधी शौचाची आणि रक्ताची साधी तपासणी होते. त्यात जंतू सापडले तर त्याचं औषध मिळतं. जंतू नाहीत आणि त्रास दोन आठवड्यांहून जास्त चालला आहे, तर दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघतात आणि अस्तराचा बारीक तुकडा तपासायला पाठवतात. या तपासणीची लाज वाटते, भीती वाटते, हे खरं. पण नाव न कळता औषध घेणं जास्त भीतीचं आहे. उदाहरण सांगते. कोलायटिस भडकल्यावर डॉक्टर कधी कधी स्टेरॉइड देतात. तेच स्टेरॉइड अमिबाच्या आवेत चुकून दिलं गेलं तर जीवावर बेतू शकतं.

कुड्याचं पाळ: आजीचं औषध चूक होतं का?

बागलाणच्या पश्चिमेला, कळवण-सुरगाण्याच्या डोंगरात कुडा भरपूर. पांढऱ्या फुलांचा, कडू सालीचा. त्याच्या सालीचा काढा आणि बी, म्हणजे कडू इंद्रजव, आवेवर देण्याची रीत फार जुनी आहे. आयुर्वेदातलं कुटजारिष्ट याच झाडापासून बनतं.

आजी चूक नव्हती. कुड्याच्या सालीत कोनेसिन नावाचा कडू घटक असतो आणि तो आवेच्या अमिबाला मारतो. म्हणून अमिबाची आव असलेल्या माणसाला कुड्याने उतार पडायचा.

पण कोलायटिसमध्ये मारायला अमिबा नसतोच. तिथे आपलीच राखण यंत्रणा उलटलेली असते. म्हणजे औषध खोटं नाही, आजार वेगळा आहे. शिवाय कुड्यासारखी दिसणारी दुसरी झाडंही आहेत, लोक त्यांनाही कुडाच म्हणतात. साल कुठली, किती आणि कुणी आणली, हे माहीत नसताना काढा उकळू नये.

डाळिंबाची साल आणि बेल

आपला भाग डाळिंबाचा. जुलाब झाले की वाळलेली साल उगाळून द्यायची सवय घरोघरी आहे. साल तुरट असते, तुरटपणाने जुलाब थोडे बांधले जातात. कच्च्या बेलफळाचंही तसंच. पण जुलाब बांधले गेले म्हणजे आतला व्रण भरला असं होत नाही. वरून बरं दिसतं, आत रक्त चालूच राहतं.

आणि एक गोष्ट आपल्यालाच जास्त माहीत आहे. बागेत किती फवारण्या होतात, त्या आपल्या डोळ्यांसमोर होतात. फळाचे दाणे आपण सोललेले खातो, पण फवारा बसतो तो सालीवर. बागेतली साल औषध म्हणून उकळताना हे विसरू नका.

हळद: खरं किती, ऐकीव किती?

हळदीवर मात्र नीट अभ्यास झाले आहेत. हळदीचा पिवळा घटक म्हणजे कुर्कुमिन. जपानमध्ये २००६ साली एक अभ्यास छापून आला. आजार शांत असलेल्या ८९ रुग्णांना नेहमीची गोळी चालूच ठेवून, सोबत अर्ध्यांना रोज २ ग्रॅम कुर्कुमिन दिलं आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. सहा महिन्यांत कुर्कुमिनवाल्या ४३ जणांपैकी दोघांचा आजार उलटला. दुसऱ्या बाजूच्या ३९ पैकी आठ जणांचा.

हे आशा वाटण्यासारखं आहे. पण त्यातले तीन शब्द नीट वाचा: 'गोळी चालूच ठेवून'. गोळी बंद करून हळद दिली आणि बरं झालं, असं हा अभ्यास सांगत नाही.

दुसरी गोष्ट मापाची. आपल्या डब्यातल्या हळदीत कुर्कुमिन साधारण शंभरात तीन भाग असतं. २ ग्रॅम कुर्कुमिन मिळायला रोज साठ-सत्तर ग्रॅम हळद खावी लागेल, म्हणजे चहाचे वीसेक चमचे! हळदीच्या दुधाच्या पेल्यात पाव चमचा असते. दिल्लीच्या एम्स रुग्णालयातही २०१७ साली छापलेला अभ्यास आहे. तिथे रोज ४५० मिलिग्रॅम इतकं कमी कुर्कुमिन दिलं, तर औषध नसलेल्या गोळीपेक्षा काही फरक पडला नाही.

मग हळदीचं दूध प्यायचं की नाही? पचत असेल तर खुशाल प्या, तो आहार आहे. बाजारातल्या कुर्कुमिनच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. पित्ताचे खडे असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका आहे. मिरीचा अर्क घातलेल्या जोरकस कॅप्सूलने काहींच्या यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

इसबगोल, कोरफड, सालई

इसबगोल हे उत्तर गुजरात-राजस्थानचं पीक. आपण भुसा घेतो. स्पेनमध्ये १९९९ साली १०५ रुग्णांवरचा अभ्यास छापला गेला. सगळ्यांचा आजार शांत होता. काहींना इसबगोलचं बी, काहींना मेसालामाइनची गोळी, काहींना दोन्ही दिलं. वर्षभरात आजार उलटण्याचं प्रमाण बीवाल्यांत शंभरात ४०, गोळीवाल्यांत ३५, दोन्ही घेणाऱ्यांत ३० होतं. अभ्यास छोटा, म्हणून यावरून गोळी सोडण्याचा निर्णय कुणी घेऊ नये. पण शांत काळात, डॉक्टरांना विचारून, भरपूर पाण्यासोबत इसबगोल घ्यायला बहुतेकींना हरकत नसते. भडकलेल्या काळात मात्र आपल्या मनाने घेऊ नका. आतडं कुठे अरुंद झालेलं असेल तर तो अडकू शकतो.

कोरफड आपल्या अंगणात असते. इंग्लंडमध्ये २००४ साली ४४ रुग्णांवर अभ्यास झाला, महिनाभर कोरफडीचा गर दिला. ३० पैकी नऊ जणांचा आजार शांत झाला, गर न दिलेल्या १४ पैकी एकाचा. थोडा फायदा दिसला, पण माणसं थोडी आणि दिवसही थोडे. आणि लक्षात ठेवा, पान कापल्यावर जो पिवळा चीक गळतो तो कडक रेचक आहे. तो पोटात गेला तर जुलाब आणखी वाढतात.

सातपुड्यातल्या सालई झाडाच्या डिंकावरही आपल्या देशात छोटे अभ्यास झाले, त्यात सूज उतरल्याचं दिसलं. छोटा अभ्यास म्हणजे रस्त्याची सुरुवात, मुक्काम नव्हे.

गोळीही अशीच तपासून आली आहे

काही ताया म्हणतात, इंग्रजी गोळीवर विश्वास आणि आपल्या झाडपाल्यावर का नाही? प्रश्न योग्य आहे. या आजारावरची जुनी आणि स्वस्त गोळी म्हणजे सल्फासॅलाझिन. ती स्वीडनच्या नाना स्वार्त्स या बाई डॉक्टरांनी पुढे आणली. १९३७ साली त्या त्यांच्या देशात सरकारी विद्यापीठातल्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. गोळी बनवली होती सांधेवातासाठी. पण ती घेताना ज्यांना कोलायटिस होता त्यांचं रक्तही थांबू लागलं, हे बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी ते टिपून ठेवलं, पुढे इतरांनी पुन्हा पुन्हा तपासलं, तेव्हा कुठे ती गोळी रुळली. नंतर मेसालामाइन आलं. झाडपाल्यालाही हाच न्याय लावायचा आहे, कमी नाही आणि जास्तही नाही.

आयुर्वेदाचे उपचार घ्यायचे असतील तर पदवी घेतलेल्या वैद्यांकडेच जा. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यांना दाखवा आणि वैद्यांचं औषध आपल्या डॉक्टरांनाही दाखवा. दोघांपासून लपवलं की नुकसान आपलंच.

यापासून लांब राहा

- बिनलेबलचं चूर्ण किंवा पुडी. अशा पुड्यांत कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं, कधी शिसं-पारा. दोन दिवसांत 'जादू' झाली तर आनंदाऐवजी शंका घ्या.
- "पोट साफ" करायला सोनामुखी, एरंडेल, जमालगोटा. जखमेवर मीठ चोळल्यासारखं आहे.
- अंगदुखी, कंबरदुखीला दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या. यांनी आजार भडकू शकतो. दुखत असेल तर कुठली गोळी चालेल ते डॉक्टरांना विचारा.
- डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड एकदम बंद करणं, किंवा बरं वाटतं म्हणून महिनोन्महिने चालू ठेवणं. दोन्ही वाईट.

ताटात काय?

भडकलेल्या काळात मऊ भात, मुगाचं पातळ वरण, पेज, उकडलेला बटाटा, केळं, अंडं असं हलकं खा. ठेचा, शेवभाजी, कच्चा कांदा, सालं-बिया थोडे दिवस बाजूला. जुलाब जास्त असतील तर ओआरएस प्या. ताक-दही ज्यांना सोसतं त्यांनी घ्यावं, दुधाने पोट फुगत असेल तर तेवढं थांबवावं.

आजार शांत झाला की हळूहळू घरच्या जेवणावर या. बाजरीची भाकरी, डाळी, शिजवलेल्या भाज्या, सगळं. "हे नको, ते नको" करत वर्षानुवर्षं भात-वरणावर राहिलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. आजारापेक्षा उपासमारीनेच त्या खंगतात. रक्त जाऊन जाऊन अंगात लोह कमी होतं, ते नुसत्या गूळ-शेंगदाण्याने भरून येत नाही. हिमोग्लोबिन तपासा. लोहाची गोळी पोटाला सोसत नसेल तर शिरेतून लोह देता येतं, तसं डॉक्टरांना विचारा.

बायांसाठी खास

मूल हवं असेल तर आजार काही महिने शांत राहिल्यावर दिवस राहिलेले बरे. दिवस राहिले म्हणून घाबरून गोळ्या स्वतःहून बंद करू नका. यातल्या बऱ्याच गोळ्या गरोदरपणात चालतात, काही मोजक्या चालत नाहीत, म्हणून आधीच विचारा. सल्फासॅलाझिन चालू असेल तर फॉलिक अॅसिड सोबत लागतं.

आजाराला आठ वर्षं झाली की त्रास नसला तरी दुर्बिणीची तपासणी पुन्हा करायची. जुन्या कोलायटिसमध्ये आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो आणि लवकर सापडला तर उपाय होतो.

त्याच दिवशी दवाखाना गाठा

दिवसातून सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शौच आणि सोबत ताप, छातीत धडधड, चक्कर. किंवा पोट फुगून टणक होणं, असह्य दुखणं. यातलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करा.

आपण गटाने काय करायचं?

एक, बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की रक्त, शौच हे शब्द न लाजता बोलायचे. रक्त जात असेल तर आशाताईंना सांगायचं.

दोन, ज्यांना हा आजार आहे त्यांनी वहीत रोज दोनच गोष्टी लिहायच्या: किती वेळा जावं लागलं, रक्त होतं का. डॉक्टरांसमोर ही वही फार कामाची.

तीन, औषधाचा खर्च. जन औषधी केंद्रात ही गोळी मिळते का ते डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून विचारायचं. भरती व्हावं लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारायचं. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवायचं.

चार, आजारपणासाठी कर्ज मागितलं तर रजिस्टरमध्ये 'घरखर्च' नाही, 'आजारपण' लिहायचं. म्हणजे निदान एकजण तरी विचारेल, "बाई, काय होतंय?" त्या चार हजारांच्या वेळी मी ते विचारलं नाही, याची मला अजून रुखरुख आहे. चूर्णाला कर्ज देण्याआधी तपासणीला कर्ज द्यायचं, असा ठराव आमच्या गटाने आता केला आहे.

आणि पाच, कांदा काढणीला जाताना शेतमालकाला आधीच विचारायचं, जायची सोय कुठे आहे? उक्त्याच्या बोलीत मजुरी ठरवतो, तशीच ही गोष्टही ठरवायची.

ताईच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत सांगायचं तर गोळी रोज, हळद जेवणात, इसबगोल विचारून, आणि बाजारातलं चूर्ण कधीच नाही. यंदाच्या काढणीला ती पुन्हा टोळीत आहे. मध्येच वाफा सोडून गेली तर आता तिला कुणी बोलत नाही. उलट शेजारची बाई तिच्या वाट्याचे चार कांदे जास्त उपटते.